मांडवाखाली, पंप न घेता

धान फुटवे धरतो, त्याच सुमारास गोंदियाच्या सांदवाडीत, म्हणजे परसबागेत, काकडी-कोहळ्याला फळं लागतात. पानांना भोकंही तेव्हाच पडतात. धानाचा फवारणी पंप राहू द्या पडवीत. रिकाम्या हाताने मांडवाखाली या.

ऊन चढायच्या आत या. पानावर दव आहे तोवर तांबूस-नारिंगी भुंगा सुस्त असतो; दुपारी तो हात पोचायच्या आत उडतो. चिमटीत धरा, साबणाच्या पाण्यात टाका. चुलीची राख चाळून भुरभुरायचीही हीच वेळ, ओल्या पानाला ती धरून राहते. भुंग्याच्या अळ्या मात्र मातीत असतात, मुळं खातात.

आता एक पान सावकाश उलटं करा. वरचा पिवळा डाग शिरांच्या चौकटीत अडलेला आणि खाली करडी-जांभळट लव असेल, तर हा केवडा. इथे वर्षाला 1200 मिलिमीटरहून जास्त पाऊस. झडीत पान वाळतं कधी? बुडाजवळची रोगट पानं काढा, वारा खेळू द्या. पिठासारखी पांढरी भुरी निराळी, तिला ओलं पान लागत नाही. गंधक भुरीला चालतं, केवड्याला नाही, आणि कडक उन्हात त्याने वेलाचं पान भाजतं ते वेगळंच.

शेंडा आखडलाय? पानामागे मावा शोधा. मावा विषाणू पसरवतो. पानं चट्ट्यापट्ट्यांची, खडबडीत झाली असतील तर तो वेल उपटलेलाच बरा. मावा दिसला नाही, तर पंप आठवा. त्यातून धानाच्या बांधीत टू-फोर-डी मारलं होतं का? त्या तणनाशकाचा अंशही काकडीला सोसत नाही. रोग समजून त्याच पंपाने पुन्हा औषध मारणारे मी पाहिलेत. त्यांना काय म्हणावं!

आता फळ. बोटभर काकडी एका अंगाला वाकलीय, टोचल्या जागी डिंकाचा थेंब आलाय. चिरून बघा. पांढऱ्या अळ्या वळवळतात. फळमाशीने साल टोचून अंडी आत घातली, तिथवर वरचं औषध पोचणार कसं? असं फळ उकिरड्यावर फेकलं की अळी मातीत शिरून कोष करते आणि नवी माशी घेऊन येते. हातभर खोल पुरा. सापळा लावायचा तर क्यू-ल्यूरचा. आंब्यासाठी आणलेला मिथाइल युजेनॉलचा इथे टांगू नका, त्यावर येणारी माशी दुसरी. क्यू-ल्यूरवरही नरच येतात, म्हणून फळ धरताच कागदी पिशवी चढवा. पावसात ती फाटते, बदलत राहा.

मधमाश्या फुलांवर आहेत, तोवर थोडं थांबा. बुडाशी इवलंसं फळ आहे ते मादी फूल. मधमाशीने नराचा पराग तिथे आणला नाही तर ते पिवळं पडून गळतं, आणि आपण बुरशीला बोल लावतो. मावा फारच वाढला, तर लिटरला 50 ग्रॅम निंबोळीचा अर्क संध्याकाळी फवारा, पानाच्या खालच्या बाजूने. पंप मात्र तणनाशकाचा नको.