गडग्याचे दगड

सावंतवाडीत सकाळी मिलाग्रीस चर्चची घंटा वाजली की मला आमचा गडगा आठवतो. जांभ्या दगडाचा, कमरेएवढा. माझ्या आणि थोरल्या भावाच्या परड्यांमधला. वडील गेल्यानंतरच्या एका पावसाळ्यात तो ढासळला. पुन्हा रचताना मी तो हातभर भावाच्या बाजूला सरकवला. भाऊ तेव्हा मुंबईला होता.

पुढे कित्येक वर्षे मी मिस्सा चुकवला नाही. उपास केले, दानपेटीत हात सैल सोडला. पण परड्यात गेलो की नजर गडग्याकडे जायची नाही.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता, हे काही वर्षांनी उमगल्याचे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. एवढ्या मोठ्या विदुषीला जे कबूल करावेसे वाटले, ते मी हातभर जमिनीपायी लपवत होतो.

एका उपवासकाळात कुमसाराला बसलो आणि सगळे बोलून टाकले. फादरांनी पापक्षमा दिली आणि म्हणाले, “आता दगड जागेवर ठेवा.”

संध्याकाळी भावाच्या पडवीत गेलो. तो आता गावीच राहत होता. माझे वाक्य पुरे व्हायच्या आत तो म्हणाला, “माका तेवाच कळला होता. आदी चाय घे. धोंडे खंय पळतत?”

त्याला सगळे ठाऊक होते, तरी इतकी वर्षे दर नाताळला त्याच्या घरची नेवरी माझ्या घरी येत होती.

यरीहोचा जकातदार जक्कय उंबराच्या झाडावर चढून बसला होता. येशूने त्याच्याकडे आधी हिशेब मागितला नाही. आज तुझ्या घरी उतरतो, एवढेच सांगितले. लुबाडलेले चौपट परत करण्याची भाषा जक्कयने त्यानंतर केली. कृपा आधी आली, भरपाई मागून. भरपाई करून कृपा विकत घेता येत नाही. पण जिथे कृपा खरोखर पोचते, तिथे दगड हलल्याशिवाय राहत नाहीत. म्हणूनच कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहावे काय, या प्रश्नाला संत पौल ठाम नकार देतो. माफी आहेच म्हणून गडगा सरकवणाऱ्याला माफी कळलेलीच नसते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून गडगा मूळ जागी रचला. भाऊ दगड उचलून देत होता, मी लावत होतो.

तुमच्याही परड्यात सरकवलेला एखादा दगड असेल. तो उचलायला आपण आधी निर्मळ व्हायला हवे, असे समजून थांबू नका. चहा केव्हाचा चुलीवर ठेवलेला आहे. आजच जा.