न दिसणारे रबर

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमचे मामेभाऊ गाड्या दुरुस्त करतात. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांच्या हाती एक जुनी माझदा एमएक्स-५ होती. १९८९ साली बाजारात आलेल्या पहिल्या पिढीतली, दोन माणसांची, छत मागे दुमडणारी स्पोर्ट्स कार. वळणावर ती सैल चाले आणि खड्ड्यात ठकठक वाजे. दोष इंजिनात नव्हता, सस्पेन्शनच्या बुशमध्ये होता.

बुश म्हणजे एकीत एक बसवलेल्या दोन धातूच्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये घट्ट चिकटलेले रबर. चाक वरखाली झाले की हे रबर पीळ खाते आणि पुन्हा मूळ जागी येते. उष्णतेने, तेलाने, वयाने ते कडक होते, त्याला चिरा जातात. मग चाक दिशा धरत नाही, टायर एका कडेने झिजतो.

जुने बुश प्रेसवर दाबून काढले, नवे बसवले. गाडी लिफ्टवर होती, चाके अधांतरी. बोल्ट आवळायला हीच वेळ सोयीची. भाईंनी मात्र ते नुसते हाताने लावले, गाडी चाकांवर उतरवली, तिचे वजन नीट बसू दिले आणि मग आडवे होऊन, खाली सरकत, एकेक बोल्ट आवळला. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी पकडली जाते. चाक लटकत असताना आवळला, तर गाडी खाली येताच रबराला पीळ बसतो, तो गाडी उभी असतानाही सुटत नाही, आणि नवा बुश अकाली फाटतो.

आम्ही विचारले, "भाई, लटकत असताना आवळला असता, तर गिऱ्हाइकाला कळले असते का?"

ते म्हणाले, "आज नसते कळले. पुढे गाडी वाजू लागली असती, आणि रबराला शिव्या देत तो नवा बुश बसवायला माझ्याकडेच आला असता."

प्रश्न इथे सुरू होतो. ज्या नुकसानीला साक्षीदार नाही, तक्रार नाही, तिला अन्याय म्हणावे का? कोणी म्हणेल, गिऱ्हाईक स्वस्त आणि झटपट काम मागते, त्याला तेच मिळाले. पण स्वस्त काम सांगून देणे वेगळे आणि लपवून देणे वेगळे. सांगितले तर निवड त्याची राहते. लपवले तर त्याच्या नावाने ती आपणच करतो. बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दाखवणाऱ्या पैगंबरांची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. तिथे धान्य भिजणे हा गुन्हा नव्हता, पाऊसच तसा झाला होता. ओले धान्य खाली दडवणे हा गुन्हा होता.

हे सगळे आम्ही मिस्त्रीला लावून मोकळे होऊ शकलो असतो. पण आमचा धंदाही न दिसणाऱ्या कामाचाच आहे. चौथीतल्या एका मुलाला उर्दूची जोडाक्षरे वाचता येत नव्हती. वर्षाचा शेवट होता, तक्ते भरायचे होते. आम्ही त्याच्यापुढे 'वाचन समाधानकारक' लिहिले. त्याचे अब्बा शिकलेले नाहीत; त्यांना कळणार नव्हते. पाचवीत तो अडेल तेव्हा दोष त्याच्या डोक्याला दिला जाईल, जसा तिथे रबराला दिला गेला असता. पगार मात्र आम्ही पूर्ण घेतला. तो कितपत हलाल?

वर्गात पोरे जास्त होती, हे खरे आहे. पण ते शेरा लिहायच्या आधी सांगायचे होते, पीळ बसल्यावर नव्हे.

जूनमध्ये शाळा उघडली. त्या मुलाला आम्ही सुट्टीच्या तासात पहिल्या धड्यापासून वाचायला बसवले आहे. त्याच्या अब्बांना बोलावून खरे काय ते सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मास्तर, तुम्ही लिहिलेलं आम्ही शेजाऱ्यांना दाखवलं होतं."