आज्ञापालन कोठपर्यंत?



वसईतील होळी भागातल्या एखाद्या वाडीवाल्याचे घर डोळ्यांपुढे आणा. बाप पहाटे उठून फुले खुडितो व आगगाडीने दादरच्या बाजारास नेतो. सोळा वर्षांचा मुलगा म्हणतो, "बाबा, मला वाडी करावयाची नाही, मला दुसरे काही शिकावयाचे आहे." बाप संतापून म्हणतो, "माझे अन्न खातोस, तर माझे ऐकले पाहिजे." त्या दिवसापासून दोघांचे बोलणे बंद. आई दोघांस निरनिराळ्या वेळी वाढिते. अशी घरे आपल्याही गावांत आहेत. तेथे उपदेशकास बोलावितात, व तो बहुधा मुलासच आज्ञापालनाचा बोध करून परत येतो.

परंतु हा बोध करण्यापूर्वी आपण एक गोष्ट आठविली पाहिजे. ज्यांचा आपण आपले पूर्वज म्हणून गौरव करितो, त्यांतील कित्येकांनी आपल्या वडीलधाऱ्यांची इच्छा मोडिली होती. १८३९ साली मुंबईत धनजीभाई नवरोजी हा सुमारे सोळा-सतरा वर्षांचा पारशी तरुण ख्रिस्ती झाला. नातलग सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टाने त्यास इच्छेस येईल तेथे जाण्याची मोकळीक दिली. १८४३ साली नारायण शेषाद्री ह्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा, हाही मिशनरी लोकांकडे जाऊन राहिला होता. त्यास मात्र कोर्टाने बापाच्या स्वाधीन केले. पुढे त्यास जातीत परत घ्यावे की नाही, ह्यावर मोठा वाद माजला. तेव्हा बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी मुलाची बाजू घेऊन सनातन्यांचा रोष पत्करिला.

धनजीभाईंचे धैर्य आपण वाखाणितो, हे योग्यच. पण श्रीपतच्या बापाचे दुःख आपण कधी मनात आणिले आहे काय? एक पुत्र गेला, दुसराही हातचा जाऊ लागला. आज आपला मुलगा आपले ऐकत नाही, तेव्हा आपण त्या बापाच्याच जागी उभे असतो. तेव्हा मुलाचा विवेक थोर होता आणि आता बापाचा हुकूम थोर आहे, असे दोन मापांनी मोजणे न्यायाचे नव्हे.

तर मग प्रत्येक अवज्ञा पवित्र समजावी काय? मुळीच नाही. ज्यांनी सत्याकरिता घर सोडिले, त्यांनी आप्तेष्ट व मानमरातब गमाविला. जो केवळ कष्ट चुकवावे म्हणून "माझी मर्जी" असे म्हणतो, त्याने त्यांचे नाव घेऊ नये. मात्र मुलाच्या मनात विवेक बोलतो की आळस, हे बापास रागावून कळणार नाही, विचारूनच कळेल.

कोर्ट एका दिवसात रेषा ओढिते: अलीकडे बापाचा हक्क, पलीकडे मुलाचा. घरात अशी रेषा नसते. तेथे अधिकार थोडाथोडा सोडावा लागतो. वाडीतील वेल आधारास बांधितात, पण गाठ सैल ठेवितात. नाहीतर वाढता वेल त्याच दोरीने कापला जातो.

प्रभु येशू बारा वर्षांचा, म्हणजे श्रीपतच्याच वयाचा असता, आईबापांस न कळविता यरुशलेमेत मागे राहिला. मरियेने त्यास शिक्षा केली नाही. आपले दुःख सांगितले व विचारिले. त्याचे उत्तर तिला समजले नाही, तरी तिने ते अंतःकरणात जपून ठेविले. आणि तोही त्यांच्याबरोबर नासरेथास परत जाऊन त्यांच्या आज्ञेत राहिला. आईने विचारिले व पुत्र परत गेला. ह्या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करू नयेत.

यास्तव त्या बापाने मुलास एवढेच विचारावे, "तुला काय शिकावयाचे आहे, आणि का?" उत्तर शेवटपर्यंत ऐकावे. मुलानेही उत्तर देण्यापूर्वी एका पहाटे बापाबरोबर उठून फुलांची टोपली स्टेशनापर्यंत उचलावी. मग वाडी राहो वा न राहो, त्या घरी ताटे पुन्हा एका वेळी वाढिली जातील. आणि उपदेशक बंधूंनो, पुढील वेळी अशा घरी बोलावणे आले, तर प्रथम बापापाशी बसा.