पारणे राहून गेलेला उपवास

उपवास कसा करावा हे सांगणारे पुष्कळ आहेत. तो सोडावा कसा, हे सांगणारे थोडे. आम्ही इतकी वर्षे कीर्तनाला उभे राहतो, पण आमचीही गणना पहिल्यांतच होत होती. त्याचा दोष आमच्या पदरी कसा पडला, ते आज वाचक माउलींपुढे मांडावयाचे आहे.

आमच्या दिंडीत एक माळकरी गृहस्थ आहेत. वय पन्नाशीच्या पुढे. काही वर्षांमागे त्यांचे वजन १०८ किलो होते. मधुमेह जडला, गुडघे धरले, चार पावले चढ आला की धाप लागे. एका साली तर वारी दिंडीच्या ट्रकमध्ये बसून करावी लागली आणि ते त्यांच्या मनाला फार लागले. डॉक्टरांनी वजन उतरवावयास सांगितले. त्याच सुमारास एका सप्ताहात आमचे कीर्तन जिव्हेवर झाले. जीभ माणसाला कशी नाचवते याचे वर्णन रंगात आले आणि बोलण्याच्या भरात आम्ही पोटाला 'घरातला शत्रू' म्हणून गेलो. श्रोते हसले. हे गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य गाठीला बांधले. साखर सोडली, तळलेले सोडले, रात्रीचा भात सोडला, रोज दोन कोस चालू लागले. दीड वर्षात ७० किलोवर आले.

येथवर सारे चांगलेच झाले. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात आपण यांना इतके हलके चालताना पाहिले नाही, असे त्यांच्या मंडळी म्हणाल्या. गावात जो तो म्हणे, "केवढे उतरलात हो! निग्रह असावा तर असा." काही जण पायाही पडू लागले. डॉक्टरांनी सांगितले, "आता पुरे. आता हेच वजन राखा, आणि त्यासाठी नीट जेवा." हे 'नीट जेवा' मात्र त्यांच्या कानांत शिरेना. वजन उतरवताना जो आहार होता तोच त्यांनी पुढे चालू ठेवला; उलट भीतीने आणखी एक घास कमी केला. त्यांनी आम्हांला एकदा विचारलेही होते, "महाराज, आता पोटभर खाल्लं तर ते पाप का?" आम्ही पुढच्या गावी निघण्याच्या घाईत होतो. "जिभेला लगाम हवाच," एवढे बोलून गाडीत बसलो.

पुढची वारी आली. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते तो टप्पा लांबचा, त्यात दिवे घाटाची चढण. आणि त्या साली एकादशीही त्याच दिवशी होती. घाटाच्या मध्यावर हे गृहस्थ टाळ हातात असतानाच खाली बसले. अंगाला दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. दिंडीबरोबर सेवेला आलेल्या एका तरुण डॉक्टरांनी बोट टोचून साखर पाहिली आणि तोंडात साखरेचे पाणी घातले. मग विचारपूस केली. सकाळपासून पोटात चहा तेवढा. आणि मधुमेहाच्या गोळ्यांची मात्रा मात्र १०८ किलोच्या दिवसांतलीच! वजन उतरले की गोळ्यांचे प्रमाण डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावे लागते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, की सांगूनही त्यांनी ऐकले नव्हते, कोण जाणे. शुद्धीवर येताच पहिला शब्द काय? "माझी एकादशी मोडली का?" आम्ही म्हटले, "माउली, औषधाने व्रत मोडत नाही, हे धर्मशास्त्रच सांगते." तेव्हा कुठे ते शांत झाले.

पण खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी, सासवडच्या मुक्कामी कळली. द्वादशीची पंगत बसली होती. यांनी अर्धी भाकरी आणि दोन चमचे आमटी घेतली आणि पानावर हात आडवा धरला. राहुटीत त्यांच्या मंडळी आम्हांला म्हणाल्या, "महाराज, तुमचं ऐकतात, तुम्हीच काही सांगा. मी घरात फोडणी टाकली की हे उठून ओसरीवर जाऊन बसतात. वासाची भीती वाटते म्हणे. लठ्ठ होते तेव्हा निदान हसून जेवायचे." आणि त्यांनी पथारीच्या वळकटीतून एक वस्तू काढून दाखवली. वजनाचा काटा! तो दिंडीच्या ट्रकमधून वारीला आला होता. पहाटे काकड्याच्या आधी त्याचे दर्शन, दुपारी विसाव्याला दर्शन, रात्री हरिपाठाच्या नंतर दर्शन. आम्ही तो काटा हातात घेऊन बराच वेळ बसून राहिलो. जिभेच्या गुलामगिरीतून सोडवलेला माणूस आम्ही, आमच्याच शब्दाने, दुसऱ्या धन्याच्या दारात बांधून ठेवला होता.

त्या रात्री झोप लागली नाही. पाठशाळेत गुरुजींनी घोकून घेतलेले छांदोग्योपनिषद आठवू लागले. श्वेतकेतू बारा वर्षे वेद शिकून आला आणि ताठ्याने वागू लागला. मन हे अन्नमय आहे, हे त्याला पटावे म्हणून उद्दालकाने त्याला पंधरा दिवस निराहार राहावयास सांगितले. पाणी मात्र हवे तेवढे पी. पंधरा दिवसांनी बाप म्हणाला, आता ऋचा म्हण. मुलाला एकही आठवेना! मोठ्या अग्नीतून काजव्याएवढा निखारा उरावा, तशी त्याची एकच कला उरली होती. मग जेवण झाले आणि विचारील ते सारे त्याला सांगता आले. ही कथा आम्ही कीर्तनात शंभर वेळा सांगितली असेल, पण ती मन आणि अन्न यांचा वेदान्त म्हणून. उपाशी मुलाला वेद आठवत नाहीत, एवढी साधी गोष्ट तिच्यात उघडी पडलेली आम्हांला दिसली नव्हती.

त्या तरुण डॉक्टरांनी याच जातीची एक अलीकडची हकीकत सांगितली. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ३६ तरुणांवर एक प्रयोग झाला. ही मुले युद्धात शस्त्र धरावयास विवेकाने नकार देणारी; युद्धाने उपासमार झालेल्यांना पुढे कसे खाऊ घालावे हे कळावे म्हणून आपण होऊन उपाशी राहिली. सहा महिने त्यांना जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवले. वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण शरीराहून मनाची कथा वेगळी. त्यांना दुसरे काही सुचेना. बोलणे अन्नाचे, स्वप्ने अन्नाची, कित्येक जण पाककृतींची पुस्तके जमवून वाचत बसत. तात्पर्य, अन्न सोडले म्हणजे अन्नाची आसक्ती सुटते, असे मुळीच नाही. सोडण्याची हद्द ओलांडली की अन्नच ध्यानाचा विषय होऊन बसते. ओसरीवर बसलेल्या आमच्या माळकऱ्यांच्या मनात नाम चालले होते की फोडणी, ते पांडुरंगालाच ठाऊक.

आता पूर्वपक्ष. कोणी म्हणेल, "बुवा, तुम्ही पोटाची वकिली करू लागलात. एकदा बांध फुटला की माणूस पुन्हा १०८ वर जाईल." ही शंका पोकळ नाही, तिला मान दिला पाहिजे. उतरलेले शरीर पूर्वीपेक्षा कमी अन्नात भागवते, आणि वर भूक मात्र अधिक मागते. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली दाखवले की, वजन उतरवल्यानंतर वर्ष लोटले तरी रक्तातले भुकेचे निरोप पूर्वस्थितीवर आलेले नसतात. म्हणून पुष्कळांचे उतरलेले वजन पुन्हा चढते. ते सगळेच लोक आळशी किंवा जिभेचे लंपट असतात असे नव्हे. आमच्या माळकऱ्यांची भीती खरी होती. पण भीती खरी असली म्हणजे भीतीने सांगितलेला उपाय खरा ठरत नाही. विहिरीत पडण्याची भीती आहे म्हणून कोणी पाणी पिणे सोडत नाही. अतिकमी अन्नाने चरबीबरोबर मांसही झडू लागते, हातापायांतले बळ जाते, उतारवयात हाडे ठिसूळ होतात; आणि दाबून ठेवलेली भूक एखाद्या लग्नाच्या पंगतीत सूड घेते. तुपात भिजलेल्या पुरणपोळीपुढे चार दिवसांचा निग्रह कसा वितळतो, हे आम्हां कीर्तनकारांना कोणी शिकवावयास नको. आमचे पोट एका गावाचे नसून वाटेवरच्या सगळ्या गावांचे असते.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी फार खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघांनाही योगाच्या बाहेर ठेवले आहे. हे सर्वांना ठाऊक आहे. सतराव्यातले तितके बोलले जात नाही. दंभाने आणि अहंकाराने, शास्त्राने न सांगितलेले घोर तप करणारे लोक देहातल्या भूतसमुदायाला कृश करतात आणि देहात राहणाऱ्या मलाही कृश करतात, असा तेथील भाव आहे. हा 'मलाही' शब्द मोठा अवघड आहे. उपाशी ठेवलेला कोण? आम्ही समजतो, आपले पोट. देव म्हणतो, मी.

आणि दंभाचे म्हणाल, तर तो फार बारीक पावलांनी येतो. वजन उतरत असते तेव्हा लोक वाहवा करतात. ते स्थिर झाले की कोणी विचारीत नाही. "अहो, गेले वर्षभर तुम्ही सत्तरच्या सत्तरच!" असे म्हणून कोणी पाया पडल्याचे ऐकले आहे काय? उपवासाला तिथी असते, शेवट असतो, प्रेक्षक असतात. रोज दोन वेळा पुरेसे खाऊन वेळेवर हात धुवून उठणे, याला तिथी नाही, शेवट नाही, टाळ्या तर नाहीतच. म्हणून हे व्रत अधिक कठीण, असे आमचे मत झाले आहे.

अंबरीष राजाची कथा भागवताच्या नवव्या स्कंधात आहे. वर्षभराचे व्रत पुरे झाले, तीन दिवसांचा उपवास झाला, द्वादशीची वेळ सरत आली, आणि पाहुणे आलेले दुर्वास ऋषी स्नानाला गेले ते परत येईनात. अतिथीच्या आधी जेवावे तर अपराध. द्वादशी टळू द्यावी तर व्रतभंग. ब्राह्मणांना विचारून राजाने पाण्याने पारणे केले. दुर्वासांचा कोप ओढवला तरी चालेल, पण पारणे टळू दिले नाही. याचा अर्थ सरळ आहे. उपवास सोडणे म्हणजे व्रतातून बाहेर पडणे नव्हे. तो व्रताचाच शेवटचा भाग. आमच्या सप्ताहात तरी काय होते? सात दिवस नाम झाले, पारायण झाले, पण काल्याच्या कीर्तनाशिवाय आणि हातावर काला घेतल्याशिवाय सप्ताह उठत नाही. आमच्या माळकऱ्यांनी दीड वर्षाची एकादशी उत्तम केली होती. द्वादशी तेवढी यावयाची राहिली होती.

मग पारणे किती आणि कशाचे? वैद्यकशास्त्र याबाबत फार शहाणे आहे. चरकांनी निंदितांत अतिस्थूल आणि अतिकृश दोघांनाही बसवले, आणि आहाराची मात्रा ज्याच्या त्याच्या अग्नीवर सोपवली. शोधनानंतर एकदम पूर्ण जेवण न देता पेया, विलेपी असे हळूहळू चढत जाण्याचा क्रम दिला. वाग्भटांनी जठराचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक वाऱ्याला मोकळा ठेवला. यात 'शत्रू' कोठेच नाही.

सासवडला आम्ही त्यांच्या शेजारी बसलो आणि आमचे कीर्तनातले वाक्य परत घेतले. असे करावयाची आम्हांला सवय नाही. जीभ जड झाली. ते म्हणाले, "महाराज, तुम्ही म्हणालात म्हणून तर मी वाचलो." आम्ही म्हटले, "वाचलात खरे. पण औषध बरे झाल्यावरही घेत राहिलात." शेवटी डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या आणि आहार ठरवून दिला: सकाळी नुसत्या चहाऐवजी मुगाचे धिरडे किंवा दूध, दोन्ही वेळा ज्वारीची दीड-दोन भाकरी, वाटीभर मटकीची किंवा हुलग्याची उसळ, पालेभाजी, ताक, मूठभर शेंगदाणे. चालणे सोडावयाचे नाही, शिवाय थोडे वजन उचलण्याचे काम. दर आठवड्याला अर्धी भाकरी वाढवून पाहावयाची. काटा मंडळींच्या ताब्यात, आठवड्यातून एकदाच मिळावयाचा. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीचे डोंगर नकोत आणि कोरडा उपवासही नको. दूध, फळ, आणि तेही साखर पाहून. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आमच्या लोकांनीच आमच्याकडे पाहून केली आहे, हे विसरू नये.

कार्तिकीला आळंदीत त्यांची गाठ पडली. वजन ७३ झाले होते आणि चेहरा पडलेला होता. "महाराज, तीन किलो वाढले. हे कोणत्या खात्यावर मांडू?" आम्ही विचारले, "दिवे घाट आता चढाल का?" ते म्हणाले, "परवा गावच्या डोंगरावर देवीला जाऊन आलो. बसावं लागलं नाही." डॉक्टरांचे काय म्हणणे, असे विचारता कळले की, साखर ताब्यात आहे आणि याच्या आसपास राहावे, असेच ते म्हणाले आहेत. तरी तीन किलोंचे दुःख पुरते गेले नव्हते. ते एका दिवसात जाणारेही नाही. इतक्यात धर्मशाळेच्या ओट्यावर त्यांच्या मंडळींनी पिठले टाकले आणि लसणीच्या फोडणीचा वास आला. आम्ही मुद्दाम त्यांच्याकडे पाहिले. ते उठले नाहीत. दीड भाकरी खाल्ली, थोडे थांबले, आणि म्हणाले, "ताक आहे का गं?"