सात पिढ्यांची मुदत

दुबईच्या करामातल्या आमच्या बिल्डिंगमधली कॉलेजची पोरं शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी फ्लॅटवर जमतात आणि फासे टाकून कथाखेळ खेळतात. सध्या त्यांचा मुक्काम ग्लोरांथात आहे. हे जग ग्रेग स्टॅफर्ड या अमेरिकन लेखकाने रचलं आणि त्यावरचा ‘रूनक्वेस्ट’ हा खेळ १९७८ मध्ये बाजारात आला. त्यात बेलिंटार नावाचा एक देवराजा आहे. त्याचं शरीर झिजलं की स्पर्धा भरते, जिंकणाऱ्याचा देह राजाचा होतो आणि नव्या अंगाने तोच पुन्हा गादीवर बसतो. एकदा मात्र तो नाहीसा होतो, स्पर्धा भरूनही परत येत नाही आणि राज्याची शकलं होतात. पोरांच्या मते एवढी भन्नाट कल्पना फक्त खेळातच सुचू शकते. मला मात्र पुण्याशेजारचं चिंचवड आठवलं.

चिंचवडचे मोरया गोसावी मोरगावच्या मयूरेश्वर गणपतीचे भक्त. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. परंपरा संजीवन समाधीचं साल १५६१ धरते. गणपतीने त्यांना दृष्टांत दिला की मी तुझ्या पोटी येईन आणि सात पिढ्या तुझ्या वंशात राहीन, अशी श्रद्धा आहे. मुलगा झाला तो चिंतामणी. तुकाराम महाराजांना या चिंतामणींच्या ठायी साक्षात गणपती दिसला, त्यांनी ‘देव’ म्हणून हाक मारली आणि घराण्याचं आडनावच देव पडलं, असं सांगतात. इथे वारस शोधावा लागत नव्हता. बापामागून मुलगा, आणि देव रक्तातूनच पुढे सरकायचा. परीक्षा नाही की कौल नाही. मराठी मनाला हे सोपं गेलं असणार. वतन, पाटीलकी, जोशीपण सगळं असंच तर चालत होतं.

मला गुंतवून ठेवतो तो सातचा आकडा. देवाने स्वतःच्या अवताराला मुदत घालून घ्यावी, हे विलक्षण आहे. आणि या मुदतीच्या कथा दोन आहेत. पहिलीत ती वरदान आहे. दुसरीत शाप: म्हणे वंशातल्या एका नारायण महाराजांनी मनाई असूनही मोरयांची समाधी उघडली, आत मोरया अजून ध्यानस्थ होते, त्यांची समाधी भंगली आणि त्यांनी सांगितलं की तुझा मुलगा हा शेवटचा देव. सुरुवातीला सात पिढ्या म्हणजे अमाप वाटल्या असतील. शेवट दिसू लागल्यावर तोच आकडा शिक्षेसारखा वाटायला लागला असावा आणि त्याला कारण लागलं असावं. हा माझा तर्क आहे, पण कथा अशाच वळतात.

तोवर घराण्यामागे मोठा पसारा उभा राहिला होता. छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या सनदा, इनाम गावं, नैवेद्य, अन्नदान. कंपनीच्या फौजेतला कॅप्टन एडवर्ड मूर १८०० मध्ये चिंचवडला गेला आणि पुढच्याच वर्षी ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये त्याने या वंशपरंपरागत जिवंत देवावर लेख छापला. १८१० मध्ये शेवटचे देव धरणीधर निपुत्रिक वारले. वर म्हणा, शाप म्हणा, शब्द खरा झाला. खरं तर इथे दिवा शांतपणे मालवायला हरकत नव्हती. पण इनामाला वारस लागतो. तेव्हा सखाहरी नावाच्या दूरच्या नातलगाला गादीवर बसवलं गेलं.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझरला याची गंमत वाटली. ‘द गोल्डन बाउ’च्या १९२२ च्या एकखंडी आवृत्तीत चिंचवड आहे, धरणीधरांच्या अधू डोळ्यांचा टोमणा आहे आणि देवस्थानची मालमत्ता बुडू नये म्हणून नवा देह शोधल्याबद्दल ब्राह्मणांना काढलेला चिमटाही आहे. फ्रेझर हिंदुस्थानात कधी आलाच नाही. टोमणा खोटा नाही, पण तो अर्धाच आहे. राजा थकण्याआधी त्यातलं दैवत ताज्या देहात हलवलं पाहिजे, हाच त्याच्या ग्रंथाचा कणा. बेलिंटारची स्पर्धा वाचताना तोच आठवतो. देव जातो आणि संस्था मात्र उरते, हे त्याला चिंचवडात समोर दिसत होतं. ते त्याने हसण्यावारी नेलं.

संस्थेचं ओझं नसलं की मुदत किती सहज पाळली जाते, हे दर भाद्रपदात करामात दिसतं. दीड दिवसाचा गणपती असतो. उत्तरपूजा होते, अक्षता पडतात, मूर्ती जागेवरून जरा हलवली की ती पुन्हा माती. मग टबात विसर्जन आणि ते पाणी गॅलरीतल्या कुंड्यांना. कुणी म्हणत नाही, आरतीला गर्दी छान होते, तर बाप्पाला महिनाभर ठेवून घेऊ.

तिबेटात गणित चिंचवडच्या उलटं. तिथे देव रक्तातून जात नाही, कुठल्याही घरी जन्मतो. म्हणून शोध आणि परीक्षा आली. सध्याचे चौदावे दलाई लामा १९३५ चे. दोन वर्षांच्या पोराने आधीच्या लामांच्या वस्तू ओळखल्या, असं सांगतात. पण परीक्षा आली की परीक्षकाचं वजन वाढतं, आणि राजा तान्हा असला की कारभार दुसऱ्याच्या हाती जातो. नववे ते बारावे असे चार दलाई लामा ओळीने अकाली गेले. १७९३ मध्ये चीनच्या सम्राटाने सोन्याचा कलश पाठवला, चिठ्ठ्या टाकून निवड करा म्हणून.

चौदाव्यांनी २०११ मध्ये राजकीय अधिकार सोडले, म्हणजे देवराजातला राजा त्यांनी स्वतःच वजा केला. सखाहरींच्या वेळी चिंचवडने नेमकं याच्या उलट केलं होतं: मुदत देवाची संपली, गादी राहिली. परंपरा इथेच थांबवायची मुभा असूनही २ जुलै २०२५ रोजी दलाई लामांनी ती पुढे चालेल असं जाहीर केलं आणि पुनर्जन्म ओळखण्याचा हक्क फक्त आपल्या गादेन फोद्रांग ट्रस्टला दिला. बीजिंग अजून कलशावरच अडून आहे. तिबेटातलं दलाई लामांखालोखालचं पद असलेल्या पंचेन लामांच्या बाबतीत १९९५ मध्ये हेच झालं: दलाई लामांनी मान्यता दिलेला सहा वर्षांचा मुलगा चीनच्या ताब्यात गेला, तो पुन्हा लोकांसमोर आला नाही, कलशातून दुसरा काढला गेला. पंधराव्या दलाई लामांच्या वेळीही असे दोघे उभे राहण्याची शक्यता धर्मशाला या दलाई लामांच्या भारतातल्या मुक्कामी सगळे धरून चालले आहेत.