अवसेचे उधाण

लक्ष्मीपूजन अवसेला येते. घरोघरी पणत्या लागतात. आकाशात मात्र चंद्र नसतो. तरीही त्या सुमारास कोकणच्या किनाऱ्यावर पाणी पौर्णिमेसारखेच चढते. दर्यावर्दी त्याला उधाण म्हणतात.

चंद्र दिसत नाही, एवढेच. असतो तो जागेवरच. अवसेला सूर्य-चंद्र एका बाजूने ओढतात, पौर्णिमेला समोरासमोरून. दोन्ही वेळी ओढ एका रेषेत येते. अष्टमीला ती काटकोनात विभागते आणि भरती भांगाची होते. न्यूटनने १६८७ साली हा उलगडा केला. लाटांचे निराळे. त्या वाऱ्याच्या लेकी. गर्जतात, फेसाळतात, पण खोल समुद्रात त्यांतले पाणी बहुतांशी जागच्या जागीच घुमते. भरती मात्र गाजावाजा न करता सारा किनारा उचलून धरते.

समुद्र चंद्राचा उजेड मोजत नाही, ओढ मोजतो. आपण माणसे उलटे करतो. फराळाच्या ताटाचे कौतुक होते. पहाटेपासून चुलीपाशी बसलेली बाई कुणाला दिसत नाही. न दिसणाऱ्याचे श्रम आपण हिशेबातच धरीत नाही.

कोणी म्हणेल, चंद्र कुठे शाबासकी मागतो? खरे आहे. म्हणूनच निसर्गापासून सारीच नीती शिकता येत नाही, असे मला वाटते. चंद्राला मन नाही. कुणी पाहिले नाही म्हणून तो खंतावत नाही. माणूस खंतावतो. निरपेक्षतेचा उपदेश राबणाऱ्याला करणे सोपे आहे. पण ओळख ठेवण्याचे कर्तव्य उपभोगणाऱ्याचे आहे. उधाण कोणामुळे आले, हे कळल्यावर तरी ते चुकवू नये.