बँकेचा दंड न्याय्य केव्हा?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही एका खेड्यातील मंडळीच्या भेटीस गेलो होतो. सभा आटोपल्यावर एका विधवा बाईने आपले बँकेचे पासबुक आम्हांपुढे ठेविले. शेळ्यांसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता दरमहा पाच तारखेस तिच्या खात्यातून आपोआप वळता होत असे. त्या महिन्यात मजुरी दोन दिवस उशिरा जमा झाली, आणि पाच तारखेस खात्यात हप्त्यापेक्षा साठ रुपये कमी भरले. हप्ता परत गेला. बँकेने तीनशे रुपये दंड व त्यावरील कर मिळून ३५४ रुपये कापून घेतले. कर्ज देणाऱ्या संस्थेने आपला दंड निराळा लाविला. मजुरी जमा झाली तेव्हा दंड आधीच वळता झालेला असल्यामुळे हप्ता पुन्हा अपुरा पडला, आणि दुसरा दंड बसला. बाई म्हणाली, "पाळकसाहेब, माझ्यापाशी साठ रुपये नव्हते म्हणून त्यांनी माझ्याकडून साडेतीनशे घेतले. हा कोणता न्याय?"

वाचकहो, हा प्रश्न त्या एका बाईचा नव्हे. तेव्हा रागाने नव्हे तर विचाराने त्याचे उत्तर शोधणे आम्हांस योग्य वाटते.

प्रथम बँकेची बाजू ऐकावी. हप्ता चुकविणाऱ्यास काहीच सोसावे लागले नाही, तर जो पोटाला चिमटा घेऊन वेळेवर भरतो त्याच्यावर अन्याय होईल. शिवाय आपण कागदावर सही केली आहे, आणि दिलेला शब्द पाळणे हे आपले कर्तव्य आहे. हे सर्व खरे आहे. परंतु शब्द मोडला म्हणजे वाटेल तेवढे घेण्याचा अधिकार येतो काय? आपल्या देशाचा १८७२ सालचा कराराचा कायदा तसे म्हणत नाही. त्याच्या ७४ व्या कलमाचा आशय असा आहे की, करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती कमाल मर्यादा होय; तिच्या आत वाजवी भरपाई तेवढीच मिळावी. म्हणजे भरपाई निराळी व लाभ निराळा, हा भेद फार जुना आहे.

हाच वाद इंग्लंडात मोठ्या प्रमाणावर झाला. तेथे खात्यात असेल त्याहून अधिक रक्कम खर्ची पडली, तर त्यास ओव्हरड्राफ्ट म्हणतात. आगाऊ परवानगीवाचून असे घडल्यास बँका ठराविक दंड घेत. मग रक्कम एक पौंडाची असो की शंभराची. लोकांनी तक्रारी केल्या व प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. २५ नोव्हेंबर २००९ रोजी निकाल बँकांच्या बाजूने लागला. न्यायालयाने असे धरिले की, हा आकार खात्याच्या सेवेच्या किंमतीचाच भाग आहे, आणि किंमत वाजवी की अवाजवी हे त्या नियमांखाली तपासता येत नाही. परंतु त्याच निकालात ही गोष्ट नमूद झाली की, व्यक्तिगत चालू खात्यांपासून बँकांस होणाऱ्या उत्पन्नाचा तीस टक्क्यांहून अधिक भाग अशा आकारांतून येत असे. ज्यांच्या खात्यात शिल्लक राही त्यांस सेवा फुकट मिळे, आणि तिचा खर्च अडखळणाऱ्यांकडून निघे. कायद्याने हे चालले, तरी नीतीस ते रुचले नाही. शेवटी ६ एप्रिल २०२० पासून तेथील नियामकाने ठराविक आकार बंद करविले, आणि जेवढी उचल तेवढे वार्षिक दराने व्याज, असा नियम केला.

आपल्या देशातही असेच घडले. स्टेट बँकेने २०१७ सालच्या एप्रिलात किमान शिल्लक न ठेवणाऱ्यांवर पुन्हा दंड बसविला. त्या एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत तो सुमारे १,७७१ कोटी रुपये जमला. त्या वर्षी जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत बँकेस झालेल्या नफ्याहूनही ही रक्कम मोठी होती. पुढे दंड कमी करण्यात आला, व २०२० सालच्या मार्चात तो अजिबात काढून टाकिला. किमान शिल्लक ज्यांच्या खात्यात राहत नाही ते बहुधा कोण असतात, हे सांगावयास नकोच.

यावरून आम्हांस दंडाची एक कसोटी सुचते. दंड घेणाऱ्यास चूक घडू नये असे वाटते, की घडावी असे वाटते? शाळेचा पंतोजी छडी मारतो, परंतु सर्व मुले शहाणी झाली तर त्याचे काहीच बुडत नाही. उलट तो संतोष पावतो. पण सर्व खातेदार उद्या सावध झाले आणि त्यामुळे बँकेच्या जमेत खड्डा पडला, तर तो दंड शिस्तीसाठी नव्हता, उत्पन्नासाठी होता असे समजावे.

दुसरी गोष्ट, हयगय आणि अडचण या एक नव्हेत. पैसे असून जो भरत नाही, त्यास दंड शहाणपण शिकवितो. ज्याच्यापाशी पैसेच नाहीत, त्यास दंड काय शिकविणार? तो त्याची तूट मात्र वाढवितो. मोशेच्या नियमशास्त्रात गरिबाचे गहाण घेतलेले पांघरूण सूर्य मावळण्यापूर्वी परत द्यावे असे सांगितले आहे. त्यात कर्ज बुडविण्याची मोकळीक नाही. परंतु वसुलीने मनुष्य उघडा पडू नये, ही मर्यादा आहे.

अशीच मर्यादा रिझर्व्ह बँकेनेही काही अंशी घातली आहे. किमान शिल्लकेविषयी तिने २०१४ सालच्या नोव्हेंबरात ठरविले की, खातेदारास आधी कळवावे, शिल्लक भरण्यास महिनाभर मुदत द्यावी, दंड तुटीच्या प्रमाणात असावा, व केवळ दंडामुळे खाते शून्याखाली जाऊ नये. तसेच १८ ऑगस्ट २०२३ रोजी कर्जावरील दंडाविषयी तिने सांगितले की, त्याचा हेतू शिस्त हा आहे, उत्पन्न वाढविणे हा नव्हे, आणि त्या दंडावर आणखी व्याज घेऊ नये. आमचे म्हणणे एवढेच की, परत गेलेल्या हप्त्यावर खात्याची बँक जो दंड घेते, त्यासही हेच माप लावावे. साठ रुपयांच्या तुटीस व साठ हजारांच्या तुटीस एकच दंड, हे समान दिसते; पण श्रीमंतास तो जाणवत नाही, आणि मजुराचा त्यात दिवसाच्या कष्टाचा पैसा जातो.

तथापि आपलेही कर्तव्य आहे. न वाचता सही करू नये. वाचता येत नसेल तर मंडळीतील शिक्षकाकडून वाचवून घ्यावे. जेथे किमान शिल्लकेची अट नाही असे मूलभूत बचत खाते मागावे. ते देणे बँकेस भाग आहे. दंड अयोग्य वाटल्यास शाखेत लेखी तक्रार द्यावी, व तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क पडत नाही.

त्या बाईबरोबर आम्ही कर्ज देणाऱ्या संस्थेकडे गेलो, आणि हप्त्याची तारीख पाचाऐवजी दहा करावी असा अर्ज दिला. तो मान्य झाला. तेव्हापासून तिचा एकही हप्ता चुकलेला नाही. तारीख बदलण्यास कोणाचा एक पैसाही खर्च झाला नाही; आणि जे दोन्हीकडच्या दंडांनी साधले नाही, ते एका विचारपूस करणाऱ्या प्रश्नाने साधले. दंड लावण्यापूर्वी तो प्रश्न विचारणे, हेच न्यायाचे पहिले पाऊल होय.